स्त्रीच्या हातचा अनुबोधपट

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जो रस्ता जातो, त्याचे नाव कोपर्निकस मार्ग. पूर्वी त्याला लिटन रोड म्हणत. एका ब्रिटिश व्हाइसरॉयचे नाव जाऊन तेथे पोलंडच्या एका ज्योतिर्विदाचे नाव आले, ही अदलाबदल काही वाईट झाली नाही. रस्ता तसा लहान. रमतगमत गेले तरी थोड्या वेळात संपतो. परंतु दिल्लीत जाणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाला तो ओळखीचा असतो, कारण जुने महाराष्ट्र सदन ह्याच रस्त्यावर आहे. कमानी सभागृह येथेच आहे, आणि ज्या इमारतीतून देशाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीचा कारभार चालतो, ते दूरदर्शन भवनही येथेच आहे.

ह्या रस्त्यावर उभे राहून एक प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. स्त्रियांनी स्त्रियांविषयी केलेल्या अनुबोधपटांना गेल्या काही वर्षांत परदेशांत मोठमोठी पारितोषिके मिळाली आहेत. त्यांतले कित्येक चित्रपट आपल्या देशातील स्त्रियांविषयीचे आहेत. वर्तमानपत्रांत ती बातमी येते, आपण ती वाचतो, चार दिवस अभिमानाने बोलतो. पण तो चित्रपट आपण पाहिलेला असतो काय? आणि ज्या बायकांचे आयुष्य त्यात उतरले, त्यांनी तरी तो पाहिलेला असतो काय? पारितोषिकाचे खरे मोल ठरवावयाचे असेल तर ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतील.

प्रथम अनुबोधपट ह्या शब्दाविषयी. आज आपण ‘माहितीपट’ हा शब्द अधिक वापरतो; पण जुन्या ‘अनुबोधपट’ ह्या शब्दात एक खुबी आहे. नुसती माहिती देणे निराळे आणि बोध करून देणे निराळे. जे घडत आहे ते घडत असतानाच टिपावयाचे आणि त्याची अशी मांडणी करावयाची की पाहणाऱ्याला त्याचा अर्थ आपोआप कळावा, हे ह्या कलेचे काम. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, आणि पुढे अनेक वर्षे चित्रगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचा एखादा अनुबोधपट दाखविला जाई. त्या पटांत स्त्री दिसत नव्हती असे नाही. ती शेतात विळा घेऊन दिसे, डोक्यावर हंडा घेऊन दिसे, दवाखान्याच्या रांगेत मूल कडेवर घेऊन दिसे. परंतु बहुधा ती बोलत नसे. ती काय करते आणि तिने काय करावे, हे पडद्यामागून एक भारदस्त पुरुषी आवाज सांगत असे. चित्र तिचे, वाणी दुसऱ्याची, अशी ती व्यवस्था होती.

ही व्यवस्था मोडावयाची म्हणजे यंत्र स्त्रीच्या हाती यावयास हवे होते. ह्या बाबतीत दिल्लीतील एका मराठी बाईंचे नाव आदराने घ्यावे लागते. विजया मुळे (१९२१–२०१९) ह्यांना त्यांचा मित्रपरिवार ‘अक्का’ म्हणत. चित्रपटसंस्थांची चळवळ ह्या देशात रुजविणाऱ्यांत त्या होत्या. १९५९ साली सत्यजित राय ह्यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटसंस्थांचा जो महासंघ स्थापन झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. ‘द टायडल बोअर’ हा त्यांचा भरतीच्या लाटेवरील लघुपट १९६७ सालचा. तो जर्मनीतील मानहाइमच्या महोत्सवात गेला. पुढे १९७४ साली त्यांनी ‘एक अनेक और एकता’ हा चित्रमालिकेचा छोटा पट केला आणि दूरदर्शनवरून तो देशभरच्या मुलांना पाठ झाला. त्यात एकीचा अर्थ समजावून सांगते ती थोरली बहीण. आज ही गोष्ट लहान वाटेल. पण पडद्यावर समजावून सांगण्याचा अधिकार मुलीकडे आला, ही त्या काळी लक्षात ठेवण्याजोगी बाब होती.

आता ही आंतरराष्ट्रीय पारितोषिके असतात तरी कशी, ते पाहू. स्थूलमानाने त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला महोत्सवांचा. निरनिराळ्या देशांतून आलेल्या पटांतून काही निवडले जातात, लहानसे परीक्षक मंडळ ते एकत्र बसून पाहते, चर्चा करते आणि निर्णय देते. क्वचित प्रेक्षकांच्या मतांवर वेगळे पारितोषिक असते. दुसरा प्रकार अमेरिकेच्या ऑस्करसारखा. तेथे पट आधी चित्रगृहात लागलेला असावा लागतो किंवा मान्यताप्राप्त महोत्सवात जिंकलेला असावा लागतो. मग अनुबोधपट करणाऱ्या सभासदांची शाखा मतदानाने पंधरांची यादी करते, त्यांतून पाच नामांकने निघतात, आणि अखेरचे मत संस्थेच्या सर्व सभासदांचे. इतक्या लोकांपर्यंत पट पोहोचवावयाचा तर गुणाबरोबर पैसा आणि प्रसिद्धीही लागते, हे उघड आहे.

ह्याखेरीज खास स्त्रियांच्या कामासाठी निघालेली व्यासपीठे आहेत. फ्रान्समधील क्रेतेय येथे १९८५ पासून स्त्री-दिग्दर्शकांचा महोत्सव भरतो. त्याहून जुनी संस्था आपल्या नभोवाणीच्या क्षेत्रातली आहे. नभोवाणीत काम करणाऱ्या स्त्रियांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ साली युरोपात स्थापन झाली. लिलियन पोस्थुमस-व्हान डर खोत ह्या डच बाईंनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता. पुढे दूरचित्रवाणीतील स्त्रियाही तीत सामील झाल्या, आणि स्त्रियांनी केलेल्या अनुबोधपटांना ती पारितोषिके देऊ लागली. दूरदर्शनच्या पहिल्या पिढीतील निर्मात्या जय चंदीराम ह्यांनी ह्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. तिच्या भारतीय शाखेने २००५ साली दिल्लीत आशियाई स्त्रियांचा चित्रपट महोत्सव सुरू केला. मंडी हाउसच्या परिसरात घडलेल्या अनुभवातून जगाशी जोडलेला एक धागा तो असा.

अनुबोधपटाचे ऑस्कर स्त्रीच्या नावावर प्रथम लागले ते १९५६ साली. नॅन्सी हॅमिल्टन ह्या अमेरिकन बाईंनी हेलन केलर ह्यांच्या जीवनावर पट केला होता. म्हणजे आरंभच मुळी स्त्रीने स्त्रीविषयी केलेल्या पटापासून झाला. परंतु हेलन केलर जगप्रसिद्ध होत्या. ज्या बाईचे नाव गल्लीबाहेर कोणी ऐकले नाही, तिच्याकडे हा मान यावयास पुष्कळ काळ जावा लागला.

पुढे तो दिल्लीच्या अगदी शेजारीही आला. राजधानीच्या पूर्वेस हापूड जिल्हा आहे. तो राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. त्यातल्या काठीखेडा गावात बायकांनी एक लहानसे यंत्र बसविले आणि मासिक पाळीच्या वेळी वापरावयाचे सॅनिटरी पॅड स्वतः तयार करून विकावयास सुरुवात केली. हे यंत्र कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम ह्यांच्या कल्पनेतले. त्यासाठी पैसे जमविले लॉस एंजेलिसच्या एका शाळेतील मुलींनी आणि त्यांच्या शिक्षिकेने. रायका झेहताबची ह्या इराणी वंशाच्या तरुण अमेरिकन दिग्दर्शिकेने त्याचा सुमारे पंचवीस मिनिटांचा पट केला. त्याचे नाव ‘पीरियड. एंड ऑफ सेन्टेन्स.’ फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला लघु-अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले.

ह्या पटात आरंभी एक साधा प्रश्न विचारला जातो: पाळी म्हणजे काय? मुली ओढणीत तोंड लपवून हसतात, पुरुष गोंधळतात, म्हाताऱ्या बायका देवाकडे बोट दाखवितात. पुढे त्याच गावातल्या बायका यंत्राशी बसलेल्या दिसतात. त्यांच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे येतात, आणि एक मुलगी दिल्ली पोलिसांत भरती होण्याची आकांक्षा बोलून दाखविते. पटाचे सारे सामर्थ्य ह्या संकोचापासून बोलतेपणापर्यंतच्या वाटचालीत आहे.   दिग्दर्शन स्त्रीच्या हाती असल्याने काय फरक पडतो, ह्याचे हे एक सोपे उदाहरण आहे.

परंतु जवळीक म्हणजे सर्व काही नव्हे. दुसरे उदाहरण ह्याची दुसरी बाजू दाखविते. बुंदेलखंडात चित्रकूट येथे २००२ साली ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण बायकांनी चालविलेले वृत्तपत्र निघाले. त्याच्या वार्ताहरांत दलित स्त्रिया पुष्कळ. त्यांच्या कामावर रिंतू थॉमस आणि सुश्मित घोष ह्या दिल्लीच्या जोडीने ‘रायटिंग विथ फायर’ हा पट केला. २०२१ मध्ये सन्डान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक आणि प्रेक्षकांचे पारितोषिक अशी दोन्ही मिळाली, आणि २०२२ मध्ये पूर्ण लांबीच्या अनुबोधपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. भारतीय पटाला ह्या विभागात मिळालेले हे पहिलेच नामांकन. तथापि समारंभ काही दिवसांवर आला असता ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढले. पट हलवून सोडणारा आहे, पण आमचे काम एका विशिष्ट पक्षाच्या वार्तांकनापुरतेच होते असे त्यावरून वाटते आणि ते बरोबर नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ह्या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की ज्यांचे चित्रण झाले त्या बायकांनी आपले मत स्वतंत्रपणे मांडले. पूर्वी पडद्यावरील बाई गप्प असे. आता ती पडद्यावर तर बोलतेच, आणि पटाविषयीही बोलते. अनुबोधपटात दिग्दर्शकाला निवड करावीच लागते. शेकडो तासांच्या चित्रणातून दीड तास ठेवावयाचा असतो. पण ज्या आयुष्यातून ही निवड होते, त्या आयुष्याच्या धनिणीला उलट उत्तर देण्याचा हक्क आहे, आणि पारितोषिकाच्या झगमगाटाने तो झाकून जाता कामा नये.

निशा पाहुजा ह्यांचे कामही ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म नवी दिल्लीचा, वास्तव्य कॅनडात. त्यांच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ ह्या पटाला २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात सर्वोत्तम अनुबोधपटाचे पारितोषिक मिळाले. त्यात दोन शिबिरे समोरासमोर ठेवली आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रातली आहेत. एक मुंबईतले, सौंदर्यस्पर्धेत उतरणाऱ्या मुलींचे. दुसरे तेव्हाच्या औरंगाबादेतील, दुर्गा वाहिनीच्या मुलींचे. एका ठिकाणी चालावे कसे, हसावे कसे हे शिकवितात; दुसऱ्या ठिकाणी लाठी कशी चालवावी हे शिकवितात. वरवर पाहता ही दोन टोके. पण मुलीने काय व्हावे हे दुसऱ्या कोणी ठरविण्याची तऱ्हा दोहोंकडे सारखीच, हे प्रेक्षकाच्या ध्यानात हळूहळू येते. झारखंडमधील एका बापाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी न्याय मिळविण्याची जी झुंज दिली, तिच्यावर त्यांनी ‘टू किल अ टायगर’ हा पट केला. २०२४ मध्ये त्यालाही ऑस्करचे नामांकन मिळाले.

मग ह्या पारितोषिकांनी बदलते काय? शेजारच्या पाकिस्तानातील शर्मीन ओबैद-चिनॉय ह्यांचे उदाहरण सांगतो. घराण्याच्या तथाकथित अब्रूसाठी बापाने आणि चुलत्याने गोळी घालून नदीत टाकलेली एक तरुणी वाचली. नातेवाइकांच्या दडपणाखाली तिला त्यांना क्षमा करावी लागली, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते सुटले. ह्यावरील त्यांच्या ‘अ गर्ल इन द रिव्हर’ ह्या पटाला फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑस्कर मिळाले. त्या सुमारास पाकिस्तानच्या पंतप्रधानांनी तो पट पाहून कायदा सुधारण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षी जुलैत कंदील बलोच ह्या तरुणीची तिच्या भावाने हत्या केली आणि देश हादरला. ऑक्टोबरात संसदेने नवा कायदा केला. कुटुंबाने क्षमा केली तरी अशा खुन्याला जन्मठेप भोगावी लागेल, असे त्याने ठरविले. श्रेय एकट्या पटाचे नव्हे. कित्येक वर्षे झगडणाऱ्या स्त्रियांचे ते आहे. पण ज्यांच्या हाती कायदा होता त्यांना तो विषय टाळता येऊ नये, एवढे काम पारितोषिकाने केले.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यावर लेस्ली उडविन ह्या ब्रिटिश दिग्दर्शिकेने ‘इंडियाज डॉटर’ हा पट केला. त्या घटनेनंतर कोपर्निकस मार्ग ज्या इंडिया गेटपाशी जाऊन मिळतो, तेथेच संतप्त तरुणतरुणींची गर्दी लोटली होती. मार्च २०१५ मध्ये हा पट भारतात दाखविण्यास बंदी झाली. तुरुंगातील आरोपीची मुलाखत त्यात होती आणि अपील प्रलंबित होते. म्हणून स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या काहींनीही आक्षेप घेतला होता. पुढे अमेरिकेत त्याला पीबॉडी पारितोषिक मिळाले. आक्षेपांत तथ्य होते किंवा नव्हते, हा वेगळा विषय. परंतु आपल्याविषयीचा पट साऱ्या जगाने पाहावा आणि आपण तो न पाहताच त्यावर भांडावे, हा प्रसंग काही भूषणावह नव्हता.

आता ज्यांची कीर्ती पारितोषिकांवर उभी नाही, अशा दोन मराठी पटांकडे वळू. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला. घरोघरी एकेकटी राबणारी बाई संघटित होऊ शकते, हे त्या वेळी कोणाला खरे वाटत नव्हते. त्याच वर्षी दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युगांतर’ हा स्त्रीवादी चित्रपटगट बंगळूरला स्थापन केला, आणि १९८१ मध्ये ह्या बायकांबरोबर ‘मोलकरीण’ हा पट केला. पुढच्या वर्षी सीमाभागातील निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या बायकांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा पट झाला. तंबाखूच्या धुळीत दिवसभर काम करणाऱ्या त्या बायकांनी आपल्या लढ्यातील प्रसंग कॅमेऱ्यापुढे स्वतः पुन्हा उभे करून दाखविले. पट तयार झाल्यावर तो परदेशी धाडून गट स्वस्थ बसला नाही. प्रक्षेपक बरोबर घेऊन वस्त्यांत, संघटनांच्या सभांत तो दाखविला गेला. एका गावच्या बायकांनी दुसऱ्या गावच्या बायकांचा लढा पाहिला. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने हे पट डिजिटल रूपात जतन केले आणि जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले, ते जवळजवळ चार दशकांनंतर. येथे क्रम उलटा होता: पट आधी घरी पोहोचला, गौरव मागाहून आला.

पुण्याच्याच सुमित्रा भावे पूर्वी दिल्लीच्या आकाशवाणीवरून मराठी बातम्या देत असत. सामाजिक संशोधन करता करता त्या चित्रपटाकडे वळल्या, आणि झोपडपट्टीतील स्त्रीच्या जीवनावरील त्यांच्या ‘बाई’ (१९८५) ह्या लघुपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. रीना मोहन ह्यांनी कमलाबाई गोखले ह्यांच्यावर केलेला ‘कमलाबाई’ हा पट नव्वदीच्या दशकाच्या आरंभीचा. त्यालाही पहिल्या प्रयत्नाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. फाळके ह्यांच्या १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मोहिनी झालेल्या कमलाबाई त्यात वृद्धापकाळी स्वतःच्या घरात, स्वतःच्या शब्दांत बोलतात. पुढे त्या गेल्या. तो पट झाला नसता तर भारतीय चित्रपटातील पहिल्या नटींपैकी एकीचा तो घरगुती, खट्याळ आवाज आपण गमावून बसलो असतो.

ह्या साऱ्याचा इत्यर्थ काय? पारितोषिक निरुपयोगी नाही. ते दूरच्या लोकांचे कान उघडते, पुढच्या पटाला पैसा मिळवून देते, आणि सत्ताधाऱ्यांना विषय टाळू देत नाही. परंतु ते शेवट नव्हे, मधला मुक्काम आहे. पटाने तेथून परत फिरून हापूडच्या अंगणात, निपाणीच्या वखारीपाशी, पुण्याच्या वस्तीत यावयास हवे. ह्याला मार्ग नाही असे नाही. २००० साली स्थापन झालेल्या लोकसेवा प्रसारण न्यासाने दूरदर्शनच्या साहाय्याने अनेक वर्षे स्वतंत्र अनुबोधपट केले आणि ते दूरदर्शनवर दाखविले गेले. त्यांच्या दिग्दर्शकांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. अशा पटांसाठी सार्वजनिक पडद्यावर एक ठरावीक वेळ असावी, त्यांना मराठीसारख्या भाषांची जोड मिळावी, आणि आपल्या महिला मंडळांनी, ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी ते मागवून दाखवावेत. एका सभागृहात एक संध्याकाळ, एवढाच त्याचा खर्च.

ज्या कोपर्निकसचे नाव त्या रस्त्याला दिले आहे, त्याचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. आकाश तेच होते, तारे तेच होते; त्याने बदलले ते फक्त केंद्र. स्त्रीने स्त्रीविषयी केलेला अनुबोधपट थोड्या प्रमाणात हेच करतो. घर तेच, गाव तेच, हंडाही तोच. पण आजवर जिच्याकडे पाहिले जात होते, ती आता पाहू लागते. ह्या दृष्टीला बाहेरच्या जगाने मान दिला, ह्याचा आनंद आहेच. तो पट आपल्या घरच्या पडद्यावर लागेल आणि त्यातली बाई आपल्या शेजारणींबरोबर बसून तो पाहील, त्या दिवशी हा मान पुरा झाला असे म्हणता येईल.